माझं तिकीट काढू नका

"दादा, पुढच्या मॅचला माझं तिकीट काढू नका."

नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राउंडबाहेर चहा पिताना आमच्या ग्रुपमधला सगळ्यात कट्टर पोरगा हे बोलला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून अंधेरी गाठून भारताच्या फुटबॉल मॅचला घसा बसेपर्यंत ओरडणारा हा! निळी जर्सी आजही अंगात होती. पाठीवरचा ११ नंबर धुऊन धुऊन निम्मा उडालेला.

म्हटलं, हरतात म्हणून का रे? तर म्हणे, "हरू देत ना. पण पुढे काय करणार, हे कोणी सांगतच नाही आम्हाला."

२०१८ मध्ये आपल्या फुटबॉल टीमचा तेव्हाचा कॅप्टन, ११ नंबरवाला सुनील छेत्री बोलला होता. अंधेरीत चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये या, असं त्याने कळकळीने सांगितलं. दोनच दिवसांनी केनियाविरुद्ध स्टेडियम हाउसफुल्ल. लोक येतात हो, कोणी मनापासून बोलावलं तर!

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता गेली. त्या दिवशीही हा पोरगा चिडला होता, तावातावाने भांडला होता. आज चिडलासुद्धा नाही.

याला परत कोण बोलावणार?