आमची वाटचाल : वाडीच्या ट्रकांपासून शिडाच्या बोटींपर्यंत

"काहून बावा, नागपुरात समुद्र कुठं आला?" बोटींचं काम करतो म्हटलं की नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात. समुद्र नाहीच आला. आम्ही बोटी बांधत नाही आणि त्या चालवताही येत नाहीत. आम्ही केबल करतो, आणि जुन्या शिडाच्या बोटीत इंजिनपासून सुकाणूपर्यंत बरंच काही केबल आणि तारेवरच चालतं.

ऐंशीच्या दशकात बाबांनी अमरावती रोडवर वाडीला ट्रकच्या क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल दुरुस्त करायला सुरुवात केली. वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती. माल भरलेली गाडी बाहेर उभी आणि ड्रायव्हर तुटकी केबल हातात घेऊन दुकानात, असं रोजचं चित्र. लांबी मोजा, कापा, टोक दाबून बसवा, पुढचा या. त्यातून हिंगणा एमआयडीसीत शेड झाली. कोळसा खाणींतली यंत्रं आली, मागे इंजिन असलेल्या बसेस आल्या, आणि त्यांच्याबरोबर पुश-पुल केबल आली. मोटारसायकलच्या क्लचची केबल फक्त ओढते, परत यायचं काम स्प्रिंग करते. पुश-पुलमध्ये आतली जाड तार ओढतेही आणि ढकलतेही. ढकलताना ती वाकू नये म्हणून बाहेरची नळी घट्ट मापाची लागते, आत प्लास्टिकचं अस्तर लागतं, आणि वरच्या आवरणाला भेग पडून चालत नाही. बोटीच्या गिअरला नेमकी हीच केबल लागते, कारण एकाच लिव्हरने पुढे आणि मागे दोन्ही करायचं असतं.

हे आम्हाला कळलं ते धरमपेठेत राहणाऱ्या एका साहेबांमुळे. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मित्रांबरोबर मिळून त्यांनी तीस फुटी जुनी फायबरची शिडाची बोट घेतली होती, मुंबईला नांगरलेली. एक कडक झालेली केबल पिशवीत घालून ते आले. टोकाचे आटे इंची, दहा-बत्तीसचे, म्हणजे इंचाला ३२. "भाऊ, एवढं टोक नवीन करून द्याल का?"

बाबा म्हणाले, "टोक करून देऊ साहेब. पण ही केबल बोटीत वाकली कुठं होती ते आधी सांगा."

आमच्या बोटीच्या धंद्याची सुरुवात याच प्रश्नाने झाली, आणि आजही आम्ही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो. केबल सहसा मधोमध मरत नाही. ती मरते वळणात, नाहीतर इंजिनच्या बाजूच्या टोकात, जिथे आवरणाला चीर पडून खारं पाणी आत शिरतं. घर्षण वळणांच्या बेरजेप्रमाणे सरळ हिशेबाने वाढत नाही, ते गुणाकाराने वाढतं. बोटींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३३ नंबरच्या केबलला आठ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये असा नियम आहे. जुन्या बोटीत मात्र मधल्या काळात कुणीतरी पाण्याची टाकी बसवलेली असते, कुणीतरी बॅटरी हलवलेली असते, आणि केबल बिचारी उरलेल्या फटीतून कोंबलेली असते. अशा वाटेत नवी केबल टाकली तर तीही दोन-चार हंगामांत कडक होणार. त्यामुळे आम्ही केबल विकण्याआधी वाट बदलायला सांगतो. एखादं भोक नवीन पाडावं लागतं, लिव्हर चार इंच सरकवावी लागते. मालकाला हे ऐकायला आवडत नाही. त्याला चकचकीत नवी लिव्हर हवी असते.

साहेबांच्या बोटीवर दोन लिव्हर होत्या, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची, म्हणजे रेसची. रेस वाढलेली असताना गिअर टाकता येतो, हा त्यातला धोका. एकाच लिव्हरच्या कंट्रोलमध्ये पहिल्या काही अंशांत गिअर पडतो आणि त्यानंतरच रेस वाढते, थंड इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करायला वेगळं बटण असतं. बदल करण्यासारखाच आहे. पण तो करताना गिअरबॉक्सकडे पाहावं लागतं. केबल गिअरबॉक्सपासून सोडवायची, तिथली लिव्हर हाताने पुढे-मागे पूर्ण फिरवून खूण करायची, मग केबल जोडून कॉकपिटमधून, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या जागेवरून, फिरवायची आणि खुणेपर्यंत पोचते का ते पाहायचं. न्यूट्रलला केबल आणि ती लिव्हर काटकोनात हवीत, नाहीतर एका बाजूला चाल कमी पडते. अर्धवट पडलेल्या गिअरमध्ये क्लच घसरतो, तापतो आणि शेवटी गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. केबलचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

स्टीलचं प्रकरण मोठं आहे. इतवारीच्या लोहा ओळीत स्टेनलेस मागा, चुंबक लावून दाखवतात. चिकटला नाही म्हणजे माल चांगला, अशी समजूत. भांड्यांसाठी आणि रेलिंगसाठी चालणाऱ्या २०० मालिकेच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. नागपुरात ते वर्षानुवर्षं चकाकतं, समुद्रावर लवकरच तांबूस होतं. बोटीला ३१६ नंबरचं स्टेनलेस लागतं, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. एका पुरवठादाराने ३१६ म्हणून दिलेला लॉट आमच्या मिठाच्या पेटीत उघडा पडला. या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशांवर चालू ठेवतात. समुद्र नाही म्हणून पेटी घ्यावी लागली, पण तिच्यामुळे कोकणातल्या दुकानदारापेक्षा आमचा माल जास्त तपासलेला निघतो, असं मला तरी वाटतं. उन्हाची चाचणी फुकट होते. केबलचे तुकडे मे महिन्यात शेडच्या पत्र्यावर टाकून ठेवतो. स्वस्त आवरण तिथे तडकतं.

स्टीअरिंगकडे आम्ही उशिरा वळलो, भीतीपोटी. गिअरची केबल गेली तर शीड आहे. सुकाणू गेलं तर मुंबई बंदरात, जहाजांच्या गर्दीत, बोट कुणाच्याही अंगावर जाईल. जुन्या बोटींत चाकामागे साखळी, साखळीला तारेचा दोर, दोर कप्प्यांवरून फिरून सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या पाव चकतीला, अशी रचना असते. दोर ७ × १९ चा, म्हणजे १३३ बारीक तारांचा. इतक्या बारीक तारा अशासाठी की कप्प्यावर पुनःपुन्हा वाकून तो थकू नये. तरी तो थकतोच, आणि पहिल्या तारा कप्प्यावरच्या भागात नाहीतर साखळीच्या जोडाशी तुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कागदी रुमाल दोरावरून फिरवा, जिथे कागद अडकेल तिथे तार तुटलेली आहे. एक जरी अडकली तरी दोन्ही बाजूंचे दोर बदलायचे, यावर आम्ही वाद घालत नाही. कप्पे दोराच्या रेषेत नसतील तर नवा दोरही कड घासून मरतो. ताणाचंही तसंच, सैल दोर कप्प्यावरून उतरतो आणि फार ताणला तर चाक जड होऊन सुकाणूची जाण हाताला येत नाही.

हीच जाण जाते म्हणून शिडाच्या बोटीवर हायड्रॉलिक स्टीअरिंग लावा असं आम्ही सुचवत नाही. मोटरबोटीला ते छान आहे. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलबद्दलही विचारणा होते. जुन्या डिझेल इंजिनाचा इंधनाचा पंप यांत्रिक, म्हणजे शेवटी मोटर बसवून तीच लिव्हर हलवायची, आणि बॅटरी बसली की गिअरही बसला. पैसे मिळतील, पण मला रात्री झोप लागणार नाही.

चाकाचा खांब उघडणं हा वेगळाच छळ. खांब अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी. दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन बोल्टला चावून धरतं. आमचा लेथवाला तिथे घाई करू देत नाही. तेल, थोडी उष्णता, पुन्हा तेल. परत बसवताना प्रत्येक बोल्टला वेगळं ठेवणारी पेस्ट. खांबावर होकायंत्र असतं, म्हणून जवळपास साधं लोखंड येऊ द्यायचं नाही. आणि तिथे असतानाच आपत्कालीन टिलर, म्हणजे चाक निकामी झालं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, काढून प्रत्यक्ष लावून बघायचा. बऱ्याच जुन्या बोटींत तो चाकाला अडतो, आणि मालकाला ते माहीत नसतं.

आता ट्रक आणि खाणींचं काम घर चालवतं, बोटींचं काम नाव चालवतं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून माल पाठवणं सोपं झालं. सातशे किलोमीटरचा रस्ता, संध्याकाळी निघालेली पेटी दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वेशीवर असते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा आमचा हंगाम. मोजमाप आम्ही फोनवर घेत नाही. जुनी केबल पूर्ण पाठवा, तिच्या वाटेचे फोटो पाठवा, किंवा सुतळी त्याच वाटेने टाकून ती गुंडाळून पाठवा. ऑक्टोबरात "पुढच्या आठवड्यात बोट उतरवायची आहे" असा फोन आला तर लिव्हर आणि केबलच्या कामाला आम्ही नाही म्हणतो. स्टीअरिंगचा दोर तुटायला आलेला असेल तर मात्र त्याच रात्री शेड उघडी ठेवतो.