दिवे घाटात, हातात ढेकूळ

निघण्याआधी मॅडमनी एकच गोष्ट सांगितली होती : घरच्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ बरोबर आणा. आमचं रान बारामतीकडे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली. बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने पाठवलेलं ढेकूळ मांडीवर घेऊन मी सकाळी सातला शिवाजीनगरहून टेम्पोत बसले. 5 डिसेंबर, जागतिक मृदा दिन, दोनच दिवसांवर होता. मृदाशास्त्रात आयुष्य घालवलेल्या मॅडम दरवर्षी या सुमारास आमच्यासारख्या शहरी माणसांना माती दाखवायला नेतात.

हडपसर ओलांडताना एका बांधकामापाशी डंपर भरत होता. पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळीभोर माती. मॅडम काचेतून बघत म्हणाल्या, "इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. ही आता कुठल्या तरी ओढ्यात जाईल." मी रोज असे डंपर बघते. त्यांत काय भरलंय, हे कधीच पाहिलं नव्हतं.

दिवे घाटात गाडी जरा रुंद जागी थांबली. खाली मस्तानी तलाव आणि शेजारी रस्त्यासाठी कापलेला डोंगर. खाली बेसॉल्टचा अखंड खडक, त्यावर तांबूस मुरूम आणि अगदी वर वीतभर माती, गवताच्या मुळांनी बांधलेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. ऊन-पावसाने तो कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. उतारावरून ती वाहून जाते म्हणून इथे वीतभर, आणि खाली सखल भागात साठते म्हणून तिथे पुरुषभर. मी त्या वीतभर थरावर हात ठेवला. थंड आणि ओलसर होता. आषाढी वारीला निघालेली ज्ञानोबांची पालखी याच घाटातून चढते. मीही दोनदा वारीत चालले आहे, पण माझी नजर तेव्हा रस्त्यावरच होती.

सासवडच्या पुढे एका अंजिराच्या बागेत उतरलो. अंजिराला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून पुरंदरची ही हलकी, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. चहा झाला आणि मॅडमनी पाण्याचे तीन ग्लास मांडले. प्रत्येकात गाळणीवर एकेक ढेकूळ : पहिलं बांधावरच्या झाडाखालचं, दुसरं वर्षानुवर्षं नांगरलेल्या पट्टीतलं, तिसरं माझं.

झाडाखालचं तसंच राहिलं. पालापाचोळा, बुरशी, गांडुळांची विष्ठा, बारीक मुळं यांनी त्याचे कण एकमेकांना चिकटवले होते. दुसरं दोन मिनिटांत ढासळलं. माझं विरघळलंच, आणि वीसेक मिनिटांत ग्लासातलं पाणी राखेसारखं गढूळ झालं.

"ऊस?" मॅडमनी विचारलं.

"तीस वर्षं. पाटाचं पाणी."

"चोपण झालीय." पाणी जास्त आणि निचरा नाही, की खालचे क्षार वर येतात, त्यातला सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतो. मग पाऊस पडला तरी पाणी वरच तुंबतं, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. उपाय आहे, त्या म्हणाल्या : आधी चर काढा, मातीची तपासणी करा, अहवालानुसार जिप्सम, आणि पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्यात गाडा. "पण एका वर्षात होणार नाही, हे वडिलांना नीट सांगा." तपासणीसाठी नमुना कसा घ्यायचा तेही त्यांनी करून दाखवलं : झाडाखालचा, बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा घ्यायचा नाही, रानात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्हीसारखे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, माती मिसळून अर्धा किलो ठेवायची.

मला रडू येत होतं. मी लहान असताना त्या रानात हरभरा व्हायचा.

घरी पोचल्यावर बाबांना फोन केला. ग्लासाचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थांब, बांधावरच्या बाभळीखालचं आणतो." फोन तसाच चालू. चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, माठातून पाणी ओतल्याचा आवाज.

"धरून आहे गं," ते म्हणाले. "अजून धरून आहे."