कड्याला नाव नाही, म्हणून अर्ज परत

"मॅडम, रूटचं नाव लिहिलेलं नाहीये."

"त्याला नाव नाहीये, सर."

"मग तुम्ही चढलात कशावर?"

कातळ चढायला शिकवणाऱ्यांच्या कोर्सला मी अर्ज केला होता, तो तपासणाऱ्या माणसाशी फोनवर झालेलं हे बोलणं आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. गंमत म्हणजे मी स्वतः साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासते. जामीनदाराची सही नाही, सात-बारा जुना आहे, असं म्हणून अर्ज परत करण्यात तेरा वर्षांत माझा हात कुणी धरला नसेल. त्यामुळे माझाच अर्ज तीनदा परत आला तेव्हा ऑफिसात काय खिदळणं झालं असेल ते समजून घ्या. शिपाईमामांनी तर कंदी पेढे आणले.

अर्ज होता उघड्या कातळावर लीड क्लायम्बिंग शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या कोर्सचा. टॉप रोपमध्ये दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या आधारातून, आलेला असतो, निसटलात तर तिथेच लोंबकळता. लीडला दोर तुमच्याबरोबर खालून वर जातो आणि वाटेत कातळात ठोकलेला बोल्ट येईल तसा क्विकड्रॉ (दोन्ही टोकांना कडी असलेली पट्टी) लावून दोर तुम्हीच त्यात अडकवत जाता. शेवटच्या बोल्टच्या 2 मीटर वर असताना हात सुटला तर 4 मीटर खाली, शिवाय दोराचा ताण आणि ढील वेगळी. हे स्वतः करणं आणि दुसऱ्याला शिकवणं यात फार अंतर आहे. म्हणून कोर्स करायचा होता.

सरळ रस्ता उत्तरकाशीचा. तिथल्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स मी केला होता. पण प्रशिक्षकाच्या कोर्सपर्यंत जायला बेसिक आणि अॅडव्हान्स्ड दोन्हींत 'ए' ग्रेड लागते, आणि माझा बेसिकलाच 'बी' आला. बर्फावर माझे पाय चालत नाहीत, त्यात त्यांची काही चूक नाही. पुन्हा 28 दिवस रजा मागितली असती तर आमच्या चेअरमननी मला कायमचीच दिली असती. म्हणून फक्त कातळावरचा कोर्स घेणारी दुसरी संस्था शोधली. तिचं नाव घेत नाही. शिकवणारी माणसं चांगली होती, वैताग त्यांच्या फॉर्मने दिला.

फॉर्मसोबत गेल्या बारा महिन्यांतल्या चाळीस लीड चढायांची नोंद मागितली होती. तारीख, ठिकाण, रूटचं म्हणजे चढायच्या वाटेचं नाव, फ्रेंच ग्रेड (5सी, 6ए अशी अवघडपणाची श्रेणी), उंची, सोबत्याची सही. वाचताक्षणी कळलं की हा तक्ता कुठून तरी परदेशातून उचललाय. इंग्लंडात कातळांची पुस्तकं मिळतात. कुठला रूट, किती अवघड, कोण पहिल्यांदा चढलं, कोणत्या साली, सगळं छापलेलं. आमच्याकडे वाईच्या पलीकडे मधाचा कडा आहे. आम्ही चार-पाच जण दहा वर्षं तिथे चढतोय आणि एकमेकांना "त्या झाडाच्या डावीकडून" एवढंच सांगत आलोय.

बरं, बारा महिने म्हणजे तरी किती? जून ते ऑक्टोबर आपला बेसॉल्ट ओला, शेवाळलेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी काळ्या दगडाला हात लागत नाही. शिवाय जिथे पोळी बसलेली असतील तो भाग सोडूनच द्यायचा. आग्या मोहोळ उठलं तर दोर, बोल्ट, ग्रेड काही कामाला येत नाही. त्या फॉर्ममध्ये मधमाशांचा रकाना नव्हता, तो मात्र असायला हवा होता.

पहिल्यांदा मी नावाच्या जागी रेघ मारली. परत. दुसऱ्यांदा "रूट 1, रूट 2" लिहिलं. परत, शेरा: "क्रमांक म्हणजे नाव नव्हे." हा शेरा मी आमच्या ऑफिसात नंतर दोनदा वापरला, कबूल करते.

मग वाडीतल्या मामांची आठवण झाली. कड्याखालच्या वाडीत एक म्हातारे आहेत, त्यांच्या घरात पूर्वीपासून मध काढायचं काम. आम्ही हेल्मेट, हार्नेस घालून निघालो की बघत बसायचे. त्यांना विचारलं, मामा, या भेगांना तुमच्यात काय म्हणतात? म्हातारा उठला आणि काठीनं एकेक दाखवत सुटला. ही वांदरीची वाट. ही दिवळी. ती आजाची उतरण, त्यांचा आजा तिथून वाखाच्या दोरावर उतरायचा. आणि उजवीकडची उभी फट, जिच्यात मूठ आवळून अडकवल्याशिवाय वर जाताच येत नाही, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्येला आमी सासूची चीर म्हंतो. हात घातला की सोडत न्हाई."

दहा वर्षं आम्ही समजत होतो की कड्याला नावं नाहीत. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या चढाईचा मान वगैरे जो आम्ही मनातल्या मनात घेत होतो तोही त्या दुपारी गेला.

अकरा नावं मिळाली. मोठ्या ऐटीत तिसऱ्यांदा अर्ज पाठवला, ग्रेडच्या रकान्यात "सोपी, मध्यम, अवघड" असं लिहून. परत. तोवर जून उजाडला होता. पाऊस सुरू, डिसेंबरच्या बॅचची मुदत संपली, एक अख्खा सीझन पाण्यात.

ग्रेड काय माझ्या मनानं लिहायची? 6ए लिहिलं आणि परीक्षकानं येऊन बघितलं तर? मग दिवाळीच्या सुट्टीत बदामी गाठली. साताऱ्याहून कराड, मिरज, अथणी, जमखंडी असं गाडीनं गेलो. बदामीचा दगड वालुकाश्म, लालसर, होल्ड, म्हणजे पकडायच्या जागा, आपल्यासारखे खडबडीत धारदार नाहीत. पण तिथे रूट बोल्ट केलेले आहेत आणि त्यांना ग्रेड आहेत. चार दिवस 5सी पासून 6बी पर्यंत जे जमेल ते चढलो आणि परत येताच, अंगाला आठवण होती तोवर, मधाचा कडा चढलो. मी आणि माझा सोबती वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर ग्रेड लिहायचो, मग जुळवायचो. बहुतेक जुळल्या. सासूच्या चिरीवर मात्र भांडण झालं, तो 6ए म्हणे, मी 5सी. माझी मूठ लहान, फटीत नीट बसते, म्हणून मला सोपी गेली. शेवटी दोन्ही लिहून खाली खुलासा जोडला. चौथ्यांदा अर्ज मंजूर झाला, आणि ज्या माणसानं तीनदा परत केला होता त्यानंच फोनवर विचारलं, "मॅडम, ती सासूची चीर कुठं आहे हो?"

कोर्स छान झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावाधाव होते. बॅक क्लिप (दोर क्विकड्रॉमध्ये उलट्या बाजूनं घालणं) आणि झेड क्लिप (खालच्या क्विकड्रॉच्याही खालचा दोर उचलून वरच्यात अडकवणं) ओळखता येतं असं आपल्याला वाटतं. पण दहा मीटर खाली उभं राहून, शिकणाऱ्याच्या कोपराआडून ओळखायचं असतं. म्हणून शेजारी वेगळा दोर बांधून जुमारवर (दोर धरून फक्त वर सरकणारी पकड) त्याच्या बरोबरीनं वर जायला शिकवतात, म्हणजे त्याचे हात समोर दिसतात. मी पहिल्या दिवशी सारखी बोलत होते. परीक्षक म्हणाले, तुम्ही गप्प बसलात तर तो क्लिप करेल. गप्प बसले, त्यानं केलं.

पाय दोराच्या मागे जाऊ देऊ नका हे मुलांना शंभर वेळा सांगा. तसा पाय असताना पडलं की माणूस उलटा होतो आणि डोकं कातळावर आपटतं. फॉल फॅक्टर, म्हणजे पडण्याचं अंतर भागिले बाहेर असलेला दोर, शिकवताना मी आकडेच वापरते: बाहेर 4 मीटर दोर असताना 2 मीटर पडलात तर 0.5, आणि 20 मीटर दोर असताना तेवढंच पडलात तर 0.1. पडणं तेवढंच, झटका कमी, कारण ताणायला दोर जास्त आहे. मुलांना उंचीची भीती वाटते, खरी काळजी पहिल्या दोन-तीन बोल्टपर्यंत करायची असते. माझं वजन 48 किलो, त्यामुळे 75 किलोचा मुलगा पडला की बिले देताना, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळताना, मीच वर उचलली जाते. अशा वेळी बिले देणाऱ्याला खाली अँकर करावं लागतं, हे परीक्षेत मी विसरले आणि पहिल्या क्विकड्रॉपर्यंत उडाले. नापास केलं नाही, पण सगळे हसले.

आणखी एक राहिलं: दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारलेली आहे का, हे प्रत्येक वेळी बघा. उतरवताना दोर संपला आणि टोक बिले डिव्हाइसमधून निसटलं की पुढचं सांगायला नको.

आता या सीझनला वाडीतलीच तीन मुलं माझ्याकडे येतात, त्यांतला एक मामांचा नातू. "ताई, आज सासूवर जाऊया का," असं भर एसटीत मोठ्यानं विचारतो आणि बायका वळून बघतात.

आणि नोंदवहीवर सोबत्याची सही घेताना तारीख त्यालाच टाकायला लावा, त्याच पेनानं. माझी दोन पानं निव्वळ शाईचा रंग वेगळा म्हणून परत आली होती, ते वर लिहायचं राहिलं.