आमची वाटचाल: उद्यमनगर ते एडमंटन, व्हाया गिअरबॉक्स

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात मामांच्या गॅरेजात काम शिकलो, तिथे ऑटोमॅटिक गाडी क्वचितच यायची आणि आलीच तर मामा म्हणायचे "हिला हात लावू नकोस, पुण्याला पाठव". आता कॅनडात एडमंटनला माझं स्वतःचं शॉप आहे आणि काम निव्वळ ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं, मामा अजून हसतात.

इथे आलो तेव्हा अनुभव भरपूर होता पण अल्बर्टात (एडमंटनचा प्रांत) नुसत्या अनुभवाला कोण विचारतं, मग अप्रेंटिसशिप, परीक्षा, रेड सील (कॅनडाभर चालणारं कारागिरीचं प्रमाणपत्र) सगळं रीतसर केलं आणि बरीच वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये पाने फिरवले. नंतर एक बे, म्हणजे गाडी आत घेऊन दुरुस्त करायचा गाळा, भाड्याने घेतला, अ‍ॅमव्हिकचं (अल्बर्टातल्या गाडी-धंद्यावर देखरेख करणारी संस्था) लायसन्स काढलं, बोर्ड लावला. फोन आणि हिशोब बायकोकडे, कारण उधारी मागणं मला आजही जमत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागल्या. सकाळी डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली तरी गिअर पडत नाही, मग धाडकन पडतो, नाहीतर दुसऱ्यातून तिसऱ्यात जायलाच तयार नाही आणि इंजिन नुसतं ओरडतंय. टो करून आणायची, आमच्या गरम बे मध्ये दोन-चार तास उभी राहिली की शहाण्यासारखी चालायची! कस्टमर बिचारा शपथेवर सांगतोय आणि आपण त्याला काय दाखवणार?

तिथून आमची पद्धत पडली, गाडी रात्रभर बाहेर ठेवायची आणि सकाळी बाहेरच स्कॅनर आणि प्रेशर गेज लावून सुरू करायची. बोटं बधिर होतात पण सगळं कळतं. उणे ३० ला ट्रान्समिशनचं ऑइल थिजलेल्या खोबरेल तेलासारखं जड होतं, पंपाला ते ओढताना जीव जातो, त्यात लेव्हल जरा कमी असेल तर विचारूच नका. आतली रबरी सीलं जुनी होऊन कडक झालेली असली की गारठ्यात प्रेशर सोडतात आणि गरम झाल्यावर परत नीट बसतात, म्हणून तर दुपारी गाडी ठणठणीत. आणि लोकांना एक माहीत नसतं, इथे सगळे रात्री ब्लॉक हीटरचा (इंजिनला लावलेला विजेचा हीटर) प्लग लावतात पण तो गरम करतो इंजिन, गिअरबॉक्स गारच राहतो. त्यासाठी गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल-पात्राला (संप) चिकटवायचा वेगळा हीटर पॅड मिळतो, ऑक्टोबरपासून आमचं तेच काम जोरात.

सगळंच बिघाड नसतं हेही सांगायला लागतं. ऑइल गार असताना बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम गिअर उशिरा बदलतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक करत नाही, पहिले काही किलोमीटर असंच चालायचं. अशा कस्टमरला आम्ही पैसे न घेता घरी पाठवतो. धंदा म्हणून हे वेडेपणाचं वाटेल पण आमचे निम्मे कस्टमर अशाच लोकांनी पाठवलेत, खास करून एडमंटनच्या मिल वुड्स भागातले पंजाबी टॅक्सीवाले.

एकाची एसयूव्ही अजून आठवते, दुसरीकडे त्याला ट्रान्समिशन पूर्ण रिबिल्ड करा म्हणून हजारोंचं कोटेशन दिलेलं. मी स्कॅनरवर बघितलं तर अर्धा तास चालवूनही कूलंट गरमच होत नव्हतं, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला, त्यामुळे ट्रान्समिशनचं ऑइलही तापत नव्हतं आणि कन्व्हर्टर लॉकच होत नव्हता. थर्मोस्टॅट बदलला, गाडी नीट. तो आता दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो.

जानेवारी २०२४ ची थंडी मात्र वेगळीच, पारा उणे ४० च्या खाली आणि वीज जपून वापरा असा अलर्ट सगळ्यांच्या मोबाईलवर. त्यानंतरच्या आठवड्यात अंगणात गाड्या मावेनात, जास्त करून फाटलेली सीलं आणि कूलर लाइनच्या (ऑइल गार करायला नेणाऱ्या नळ्या) गळत्या, कारण लोकांनी गिअर पडत नाही म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. अरे बाबांनो, थांबा जरा!

आता शेजारचा बे पण घेतलाय आणि सांगलीचा एक पोरगा अप्रेंटिस म्हणून आलाय, तो सकाळच्या टेस्टला माझ्या आधी हजर असतो. ज्यांना गाडी दाखवायची आहे त्यांनी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, चावी दारावरच्या पेटीत टाका आणि प्लग लावू नका, आम्हाला ती गारच पाहिजे.