बस्टर कीटनची चपटी टोपी : पावसाळ्यातील नोंद

मागील नोंद वाचलेल्या मंडळींना आठवत असेल की टोपीचा माथा बुटका करून झाला होता आणि काठ कडक करण्यासाठी त्याला साखरेचे पाणी देण्याचे काम तेवढे राहिले होते. ते आता झाले आहे. मात्र रत्नागिरीच्या पावसात हे काम करायला घेतल्यामुळे कीटनच्या कृतीचा एक भाग मला नव्याने समजला आणि म्हणून ही नोंद ठरवल्यापेक्षा लांबणार आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन (१८९५–१९६६) याने १९१७ मध्ये ‘द बुचर बॉय’ या विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या लघुपटातून पडद्यावर पाऊल ठेवले, तेव्हाही त्याच्या डोक्यावर चपटी टोपी होती आणि १९६५ मध्ये ‘द रेलरॉडर’मध्ये रुळांवरच्या लहानशा मोटारगाडीतून तो कॅनडा पालथा घालतो, तेव्हाही ती आहे. मधल्या काळात त्याने स्वतःचा स्टुडिओ उभा राहिलेला पाहिला आणि गमावला, एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीच्या नोकरीत त्याचे स्वातंत्र्य गेले, मूकपटांचा जमानाच संपला. टोपी मात्र सुटली नाही. नाटककार सॅम्युएल बेकेटच्या ‘फिल्म’ या लघुपटातदेखील, जिथे त्याचा चेहरा जवळजवळ शेवटपर्यंत कॅमेऱ्यापासून लपवलेला आहे, तिथे ही टोपी दिसताच माणूस कोण हे कळते. ही टोपी त्याच्याच पद्धतीने, शक्य तितक्या त्याच्याच साहित्यातून घडवायची, एवढाच माझा उद्योग आहे.

बाजारात ‘पोर्कपाय’ या नावाने मिळणारी टोपी आपल्या कामाची नाही, हे पुन्हा एकदा सांगणे भाग आहे, कारण ती विकत घेऊन तिलाच फीत बदलून कीटनची म्हणता येईल का, अशी विचारणा अजूनही होते. त्या टोपीच्या माथ्यावर कडेने गोल खाच असते आणि काठ वर वळवलेला असतो. जॅझ वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर ती शोभते. कीटनच्या टोपीचा माथा बुटका आणि सपाट आहे आणि काठ चहूबाजूंनी सरळ आडवा आहे. हा फरक दिसायला किरकोळ वाटला तरी माझ्या मते सगळी टोपी त्या आडव्या रेषेसाठीच आहे. कीटनला दूरून घेतलेली दृश्ये आवडत. पडणे, धावणे, लटकणे हे सगळे प्रेक्षकाला एकाच चौकटीत, न तोडता दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. एवढ्या अंतरावरून डोळे दिसत नाहीत, पण टोपीची रेषा दिसते आणि ती किंचित कलली की माणसाने मान वळवली, हे समजते. जवळून पाहताना तोच आखूड, सरळ काठ डोळ्यांवर सावली पडू देत नाही. ज्याने जवळजवळ आयुष्यभर पडद्यावर हसायचे टाळले, त्याच्यासाठी डोळे उघडे राहणे किती महत्त्वाचे होते, हे आपल्यापैकी कोणाला वेगळे सांगायला नको.

कृती त्याने उतारवयात स्वतःच सांगून ठेवली आहे. चांगल्या प्रतीची स्टेटसन (अमेरिकेतील नामांकित टोपीवाल्यांची) टोपी घ्यायची, तिचा माथा कापून बुटका करायचा, चहाच्या कपभर कोमट पाण्यात साखरेचे तीन शिगोशीग चमचे विरघळवायचे, ते पाणी काठाला वरून आणि खालून लावायचे आणि स्वच्छ, टणक पृष्ठभागावर काठ हाताने सपाट करून कडक होईपर्यंत वाळू द्यायचा. सुरुवातीच्या टोप्या तो स्वतः करत असे. पुढे त्याने हे काम पत्नी एलिनॉर हिला शिकवले. कृती एवढीच आहे आणि तिच्यात शेलॅक (लाखेचे रोगण) नाही, गोंद नाही, तारही नाही.

माझी मूळ टोपी स्टेटसन नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात मिळालेली ती एक करडी फेडोरा आहे, पण तिचा फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेले कापड, लोकरीचा नसून सशाच्या केसांचा आहे आणि हे महत्त्वाचे आहे. लोकरीचा फेल्ट जाड असतो, वाफ लागली की ताणला जातो आणि कापलेल्या कडेला तंतू सुटतात. केसांचा फेल्ट पातळ, घट्ट आणि कापायला स्वच्छ असतो. रंगाबाबत मागे बरीच चर्चा झाली होती. माझे मत असे की कृष्णधवल छायाचित्रांवरून रंगाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण त्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर तपकिरी वस्तू प्रत्यक्षापेक्षा गडद उतरे. पडद्यावर गडद दिसणारी टोपी प्रत्यक्षात फिकट तपकिरी असू शकते. करडा रंग मी निवडला तो केवळ फेल्ट चांगला मिळाला म्हणून.

माथा बसवण्यासाठी लाकडी साचा करून घेण्याऐवजी मी स्टीलचा सपाट तळाचा डबा वापरला. डोक्याच्या मापाचा डबा मिळेपर्यंत भांड्यांच्या दुकानात मोजपट्टी घेऊन बरेच हिंडावे लागले, पण त्याचा फायदा असा की डब्याची कड धारदार नसून किंचित गोल असते आणि कीटनच्या टोपीच्या माथ्याची कडही तशीच आहे. आतली घामपट्टी आधी उसवून काढावी, कारण वाफेने कातडे आक्रसते. मग फेल्टला वाफ देऊन तो मऊ झाल्यावर डब्यावर ओढून दोरीने बांधला आणि रात्रभर तसाच ठेवला.

आता पावसाळ्याची गोष्ट. साखरेचे पाणी दोन्ही बाजूंनी लावून काठ स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सपाट केला, तेव्हा सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालले होते. दुसऱ्या दिवशी काठ वरून कोरडा आणि आतून चिकट होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. साखर हवेतील ओलावा शोषते आणि जुलै महिन्यात आमच्याकडे हवेत ओलाव्याशिवाय दुसरे काही नसते. कीटन ज्या लॉस एंजेलिसमध्ये राहत होता, तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्याची कृती ही तिथल्या हवेची कृती आहे, ही गोष्ट मी वाचलेल्या कुठल्याही वर्णनात नव्हती, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी कोणी कोकणात टोपी वाळत घातली नसावी.

मुंग्यांचा बंदोबस्त आधीच केला होता. परातीत पाणी, मधोमध पालथे पातेले आणि त्यावर टोपी, ही आपल्या आजीच्या काळची युक्ती आजही अचूक चालते. वाळवण्यासाठी मात्र परात आणि पातेल्यासकट टोपी उघड्यावरून हलवावी लागली. कपड्यांच्या रिकाम्या कपाटात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून, मुंग्यांसाठी आता कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून, टोपी बल्बपासून हातभर दूर काचेच्या तुकड्यावर ठेवली. इस्त्री वापरू नये. साखर तपकिरी होते आणि डाग जात नाही. काही दिवसांनी काठाला टिचकी मारली तेव्हा पुठ्ठ्यासारखा आवाज आला. मग दुसरा हात दिला, या वेळी पाणी थोडे कमी घेऊन, आणि पुन्हा कपाटात. आता काठ एका टोकाला धरून टोपी आडवी उचलली तरी दुसरे टोक झुकत नाही. कपाटाबाहेर ती फार वेळ ठेवता येत नाही, हे खरे. ऑक्टोबरपर्यंत तिला तिथेच राहावे लागेल.

शेलॅक वापरला असता तर हे सगळे एका दिवसात झाले असते, असे दोघा-तिघांनी कळवले आहे. ते बरोबरच आहे आणि ज्यांना टोपी घालून पावसात फिरायचे आहे त्यांनी शेलॅकच वापरावा. परंतु साखरेमुळे जे कळते ते शेलॅकमुळे कळत नाही. साखर पाण्यात विरघळते आणि कीटन तर सतत पाण्यात पडतो. ‘द बोट’मध्ये नाव पाण्यात उतरताच बुडते, तरी तो ताठ उभा, ‘अवर हॉस्पिटॅलिटी’मध्ये नदीचा लोंढा आणि धबधबा. अशा प्रत्येक भिजण्यानंतर काठ लोळागोळा झाला असणार आणि पुढच्या दृश्यासाठी कोरडी टोपी तयार ठेवावी लागली असणार. हा माझा अंदाज आहे, पण काठ हातात घेऊन पाहिल्यावर तो टाळता येत नाही.

काम वाळत असताना चित्रपट पुन्हा पाहणे चालूच होते, या वेळी फक्त टोपीकडे लक्ष ठेवून. हे आज शक्य आहे, कारण इटलीतील बोलोन्याच्या सिनेतेका या चित्रपट-संग्रहालयाने त्याचे चित्रपट नव्याने दुरुस्त केले आहेत आणि त्या प्रतींमध्ये फेल्टचा पोतही दिसतो. जुन्या, धुरकट प्रती पाहून वाढलेल्या माझ्यासारखीला हे अजूनही नवल वाटते. कीटनच्या बेव्हर्ली हिल्समधील जुन्या बंगल्यात पुढे अभिनेता जेम्स मेसन राहायला आला आणि १९५० च्या दशकात तिथे त्याला कीटनच्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्मवरील प्रती सापडल्या, ही हकिगत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नायट्रेट फिल्म आपोआप कुजते आणि ठिणगी लागली तर भडकते. ते डबे आणखी काही वर्षे तसेच पडून राहिले असते, तर आज काठाची जाडी मोजण्याइतके काय उरले असते, याचा विचार न केलेला बरा.

टोपीकडे पाहत चित्रपट पाहिले की लक्षात येते, ती नुसती ओळखीची खूण म्हणून तिथे नाही. विनोदात तिला काम दिलेले आहे. ‘द बुचर बॉय’मध्ये आर्बकल तिच्यात काकवी ओततो, कीटन ती डोक्यावर ठेवतो आणि ती निघता निघत नाही, म्हणजे पडद्यावरच्या पहिल्याच दिवशी या टोपीचा आणि गोडाचा संबंध आला होता. (मुंग्यांच्या बंदोबस्तात गुंतलेल्या बाईला हे दृश्य अधिकच आवडले, हे मान्य केले पाहिजे.) ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ १८३० च्या सुमारास घडतो आणि त्या काळाला शोभेल अशी उंच टोपी घालून तो आगगाडीत बसतो, पण डब्याचे छप्पर बुटके असल्यामुळे ती बसत नाही, तेव्हा तो आपली चपटी टोपी घालतो आणि प्रश्न मिटतो. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये झोपी गेलेल्या प्रोजेक्शनिस्टच्या शरीरातून त्याचे स्वप्नातले रूप उठते आणि खुंटीवरून टोपीचेही स्वप्नरूप काढून घेते, खरी टोपी खुंटीवरच राहते. कॅमेऱ्यातच एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेला हा परिणाम आहे. ‘कॉप्स’चा शेवट तर सर्वांना पाठ आहे: थडग्याचा दगड आणि त्यावर कललेली टोपी.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मधील टोप्यांच्या दुकानातील दृश्यावर. धिप्पाड बाप (अर्नेस्ट टॉरेन्स) कॉलेजातून परतलेल्या मुलाला धड दिसेल अशी टोपी घ्यायला आणतो. आरसा म्हणजे आपणच, कारण कीटन थेट कॅमेऱ्याकडे पाहून टोप्या घालून बघतो. एकामागून एक टोपी डोक्यावर येते आणि प्रत्येक टोपीबरोबर चेहऱ्याची एकही रेषा न हलता माणूस बदलतो. मध्येच ती येते, आपली चपटी टोपी, आणि तो घाबरून ती झटक्यात उतरवतो, जणू कोणी पाहिले तर पंचाईत. १९२८ च्या प्रेक्षकाला ही टोपी इतकी परिचित होती की निमिषभर दाखवून लपवली तरी थिएटर हसत असणार. ही चौकट थांबवून पाहिली, तर काठाची रुंदी आणि माथ्याची उंची यांचे प्रमाण समोरून, कोणत्याही कोनाविना घेता येते. माझ्या टोपीचा माथा त्या मानाने अजून थोडा उंच आहे. तो पुन्हा उतरवायचा, तर काठाची साखर वाफेने जाईल, म्हणून ते काम पाऊस सरल्यावरच.

त्याच चौकटीवरून फितीचीही मापे घेतली. फीत काठाच्या मानाने रुंद आहे आणि गाठ डाव्या बाजूला येते. यासाठी पेटरशम हवी, म्हणजे दोन्ही कडांना बारीक दाते असलेली, वाफेने वळवता येणारी फीत. साधी सॅटिन माथ्याच्या गोलाईवर नीट बसत नाही आणि सुरकुत्या पडतात. मुंबईत भुलेश्वरला फितींच्या दुकानांतून विचारले, तेव्हा नायलॉनची मिळाली. सुती किंवा रेयॉनची, काळी, दीड ते दोन इंची पेटरशम कोणाला कुठे मिळाली असल्यास कळवावे. घामपट्टीसाठी बकऱ्याचे पातळ कातडे आणून ठेवले आहे, पण हवा कोरडी होईपर्यंत त्यालाही सुई लावणार नाही.