मेलिइकचं फ्युमॅरिक: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

परीक्षेत माझ्या चिठ्ठीत आलं: मेलिइक आम्लापासून फ्युमॅरिक आम्ल. मेलिइक पाण्यात विरघळवायचं, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून रिफ्लक्स करायचं (म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल असं उकळायचं), गार करून गाळायचं. नागपूरच्या एप्रिलमध्ये यातलं ‘गार करून’ तेवढं अवघड. नळाला टाकीतलं तापलेलं पाणी, कंडेन्सरला तेच. म्हणून बर्फ आधीच मागून ठेवला.

दोन्ही आम्लांचं रेणुसूत्र एकच. मेलिइकमध्ये दोन्ही कार्बॉक्सिल गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला, फ्युमॅरिकमध्ये समोरासमोर. दुहेरी बंध असा सहजी वळत नाही. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड येऊन जोडलं जातं, तेवढ्यापुरता बंध एकेरी होतो, रेणू वळतो, क्लोराइड सुटतं.

फ्लास्क उकळत असतानाच पांढरा चुरा दिसू लागला. तो तळाशी साचला तशी उकळी धक्के द्यायला लागली, स्टँड हलायचा. लॅबमधले काका मागून म्हणाले, “काहून घाबरून राहिली? खडे टाकले ना?” उकळी शांत ठेवणारे ते खडे टाकले होते. मी बर्नर बारीक केला.

मेलिइकचं फ्युमॅरिकच का होतं? पुस्तकं ‘फ्युमॅरिक जास्त स्थिर’ म्हणून मोकळी होतात. माझ्या मते ते अर्धंच उत्तर. २५ अंशांना १०० मिली पाण्यात मेलिइक पाऊणशे ग्रॅमहून जास्त विरघळतं, फ्युमॅरिक एक ग्रॅमही नाही. तयार झालेलं फ्युमॅरिक द्रावणातून बाहेर पडत राहतं आणि समतोल (जिथे दोन्ही दिशांच्या अभिक्रिया सारख्याच वेगाने होतात) त्याच्याकडे सरकत राहतो. गंमत म्हणजे १८७४ मध्ये दुहेरी बंधाभोवतीची ही रचना सांगणारा डच रसायनशास्त्रज्ञ व्हॅन्ट हॉफ आणि १८८४ मध्ये समतोलासाठी दोन उलटसुलट बाण वापरणारा व्हॅन्ट हॉफ एकच.

बुखनर फनेलवर गाळलं, बर्फाच्या पाण्याने धुतलं. केशनळीत भरून १५० अंशांपर्यंत तापवलं, तरी वितळलं नाही. मेलिइक १३५च्या आसपासच वितळतं, म्हणजे ते फारसं उरलं नव्हतं.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, “हायड्रोक्लोरिक दुप्पट घातलं तर समतोल सरकेल?”

“नाही सर, तो उत्प्रेरक आहे. लवकर गाठला जाईल एवढंच.”

“आणि गाळलेल्या पाण्यात काय आहे?”

“थोडं फ्युमॅरिक. आणि मेलिइकही, अगदी थोडं का होईना.”

“मग यील्ड, म्हणजे मिळालेलं उत्पादन, शंभर टक्के लिहिणाऱ्यांचं काय करायचं?” असं म्हणत त्यांनी शेजारच्या टेबलावरची वही ओढली.