बदकघर: तळ अखेर कोरडा राहिला!

मंडळी, तळाचा प्रश्न सुटला! इथे कुडाळात श्रावणाची झड लागलेली असतानाही आज सकाळी दार उघडलं, तर आतलं तूस कोरडं ठणठणीत. आठही खाकी कॅम्पबेल (माझ्या बदकांची जात) बाहेर पडल्या आणि एकीच्याही पोटाला चिखल नाही. वासे, जाळी, दार यांबद्दल मागे सांगून झालंय, त्यामुळे आज तळाबद्दलच.

जुना तळ जांभ्याचा. चिरे परसात पडलेलेच होते आणि उन्हाळाभर ते उत्तम चालले. पावसाने जोर धरला तसा चिरा खालून ओल ओढू लागला, वरून बदकांची भर. कोंबड्यांची गादी पद्धत, म्हणजे जमिनीवर तुसाचा जाड थर, बदकांना का लागू पडत नाही, ते मला इथे नीट उमगलं. कोंबडी दिवसभर उकरते, म्हणून तूस वरखाली होऊन वाळत राहतं. बदक उकरत नाही, चपट्या पायांनी थापत जातं. त्यात विष्ठेत बहुतेक पाणीच. पेंढा घातला तर त्याची ओली चटई होते आणि खाली बुरशी धरते.

विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा वास उभ्याने घेऊन कळत नाही. बदकं जमिनीवरच झोपतात, तेव्हा गुडघे टेकून नाक वीतभर उंचीवर आणा. माझे डोळे चुरचुरले. शेजारच्या काकी म्हणाल्या, चुना भुरभुर. पण ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया उलट जास्तच सुटतो. बदकं आत असताना तो नकोच. पॅलेटच्या (मालाखालच्या लाकडी चौकटीच्या) पट्ट्यांचा फटी ठेवलेला तळही मनात होता, पण त्याच्या कडांनी तळपाय सोलवटतात आणि मग सूज धरते.

शेवटी कडप्पा कामी आला. हल्ली घरोघरी जुना ओटा फोडून ग्रॅनाइट बसवतात आणि लाद्या मागीलदारी भिंतीला टेकून राहतात. मागितल्या की लोक आनंदाने देतात. लादी उलटी घालायची, हे महत्त्वाचं. गुळगुळीत बाजूवर ओल्यात बदक घसरतं, आणि पाय लचकलेलं बदक दाण्यापर्यंतसुद्धा येत नाही. खालच्या बाजूला खडबडीत पापुद्रे असतात, हात फिरवला की बोटांना लागतात. तिथे पाय धरतो.

रचना अशी: खाली खडी, त्यावर जत्रेतला जुना फ्लेक्स, त्यावर वाळू आणि मग लाद्या. घर सहा बाय चार, म्हणजे दर बदकाला तीन चौरस फूट. चार फुटांच्या बाजूला दीड इंच उतार दिलाय, गवंड्याच्या लेव्हल पाइपने मोजून. मोबाइलमधल्या लेव्हलवर एवढ्या बारीक उताराला माझा भरवसा नाही. उताराच्या टोकाला बोटभर फट, तिला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, म्हणजे मुंगसाची वाट बंद. तिथून पाणी थेट अळवात जातं. अळू काय माजलाय म्हणून सांगू!

कापायला डायमंड ब्लेड चांगलंच घ्या आणि पाणी सोडत कापा. तालुक्याच्या दुकानात मिळालेलं स्वस्त ब्लेड पहिल्याच लादीत दात टाकून बसलं. तळाला नको, पण दुसऱ्या कामाला पॅलेटच्या फळ्या घेताना शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणूच नका.

आता हे लिहिता लिहिताच सुचतंय: अंड्यांची खोकी उताराच्या टोकाला लावणार होते, ती उंच बाजूलाच हवीत. बदकं पहाटे घालतात, नऊपर्यंत आटोपतं. तोवर खोक्यातला पेंढा कोरडा राहिला तर अंडी धुवायला लागणार नाहीत.

आणि उरलेली लादीची पट्टी पायरीला वापरण्याऐवजी पाण्याच्या जागेला. बाहेर खड्डा, त्यात खडी, वर भाजीचा प्लॅस्टिक क्रेट पालथा आणि त्यावर घमेलं. नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढं खोल पाणी त्यांना लागतंच, आणि सांडणारं सगळं खडीत जिरेल. पट्टी क्रेटच्या कडेने लावली की तिथला चिखलही थांबेल. रात्री आत दाणा नाही, पाणीही नाही, हे मात्र कायम.

खोकी उद्याच हलवते. मंगलोरी कौलांचं पाखं गणपतीनंतर. कौलं जड आहेत आणि मधला वासा मला अजून बारीक वाटतोय. कुणाकडे फणसाचा जुना वासा पडून असेल तर कळवा, टेम्पो घेऊन येते.